नाशवंत रेणू आणि त्याची निगा

डीएनएची दुरुस्ती आणि कर्करोगाची आनुवंशिकता या विषयात पाऊल ठेवणाऱ्याला आधी एक जुनी समजूत बाजूला ठेवावी लागते. आजोबांचे नाक नातवाला येते, हजारो वर्षांपूर्वीच्या हाडांमधून डीएनए वाचता येतो, तेव्हा हा रेणू मोठा टिकाऊ असला पाहिजे, असे आपण शाळेपासून धरून चाललेलो असतो. मोठमोठे शास्त्रज्ञही असेच धरून चालले होते. १९५३ साली वॉटसन आणि क्रिक यांनी दुहेरी सर्पिलाची रचना मांडली, तेव्हा हा रेणू बिघडत असेल आणि त्याच्या डागडुजीसाठी पेशीत वेगळी विकरे असतील, हे त्यांच्या ध्यानात आले नव्हते. १९७४ साली मागे वळून पाहताना क्रिक यांनी हे मोकळेपणाने लिहून ठेवले. एवढा मोलाचा रेणू राखायला पेशीने एकाहून अधिक यंत्रणा बाळगल्या असणार, हा त्याच लेखातला त्यांचा अंदाज मात्र पुढे खरा ठरला.

हा ग्रंथ हाती घेणाऱ्यांत जीवशास्त्राचे विद्यार्थी असतील, डॉक्टर असतील. घरात आई, मावशी, आजी अशा तिघींना एकच आजार झालेला पाहिल्यामुळे उत्तर शोधत आलेले वाचकही असतील. या सगळ्यांचे स्वागत करताना एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. हा विषय दोन वेगळ्या ठिकाणी जन्माला आला. एकीकडे घराण्यांच्या वंशावळी मांडून बसलेले डॉक्टर होते, ज्यांना आजार पिढ्यांतून उतरताना दिसत होता पण तो कशामुळे उतरतो ते सांगता येत नव्हते. दुसरीकडे जीवाणू आणि यीस्ट वाढवणारे लोक होते. एका साध्या पेशीचा डीएनए शाबूत कसा राहतो, एवढाच त्यांचा प्रश्न होता आणि कर्करोग त्यांच्या मनातही नव्हता. दोन्ही वाटा कित्येक दशके एकमेकींना ठाऊक नव्हत्या. त्या जिथे जिथे मिळाल्या, तिथे तिथे वैद्यकशास्त्र बदलले. माझ्या मते या विषयाचा खरा धडा त्या संगमांत आहे, म्हणून ही प्रस्तावना त्यांच्याभोवतीच फिरते.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस टॉमस लिंडाल हे तरुण स्वीडिश संशोधक अमेरिकेत प्रिन्स्टनला आरएनएवर काम करत होते. आरएनए तापवला की तो भराभर तुटत असे. तेव्हा त्यांच्या मनात प्रश्न आला, की आरएनए जर इतका नाजूक, तर डीएनए तरी आयुष्यभर कसा टिकेल? स्टॉकहोमला परतल्यावर कॅरोलिन्स्का संस्थेत त्यांनी याचे उत्तर शोधायला घेतले. किरणोत्सार नाही, विष नाही. नुसते पाणी, शरीराचे तापमान आणि वेळ. एवढ्यावरच डीएनए बिघडतो असे त्यांना आढळले. ॲडेनीन आणि ग्वानीन हे बेस साखळीवरून आपोआप गळून पडतात. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या या मोजमापांवरून हिशेब केला, तर आपल्या एकेका पेशीत दिवसाला काही हजार, सुमारे दहा हजारांपर्यंत, बेस असे गळतात. शिवाय रोज शंभर ते पाचशे ठिकाणी सायटोसीनचा अमिनो गट निघून जातो आणि त्याचे युरॅसिल होते.

हे आकडे वाचून थोडे थांबावे. ही पडझड रोज अशीच साचत गेली, तर माणूस काय, बुरशीसुद्धा जगणार नाही. म्हणजे तितक्याच वेगाने कुणीतरी दुरुस्ती करत असले पाहिजे. लिंडाल यांनी जीवाणूंच्या अर्कात असे विकर शोधायला सुरुवात केली आणि १९७४ साली डीएनएतले युरॅसिल नेमके ओळखून ते उचलून टाकणारे विकर त्यांना सापडले. नंतर उरलेली रिकामी जागा कापणारे, तिथे योग्य बेस बसवणारे आणि साखळी पुन्हा जोडणारे असे विकरांचे सबंध पथक उजेडात आले. १९९६ साली लिंडाल यांच्या इंग्लंडमधल्या प्रयोगशाळेने मानवी विकरे वापरून ही सारी प्रक्रिया परीक्षानळीत घडवून दाखवली.

याच ठिकाणी रसायनशास्त्रातल्या एका जुन्या कोड्याचाही उलगडा होतो, आणि विद्यार्थ्यांनी तो कधी चुकवू नये. आरएनएमध्ये युरॅसिल असते, मग डीएनएमध्ये त्याच्या जागी थायमीन का? थायमीन बनवायला पेशीला जास्तीची मेहनत पडते. पण डीएनएत मुळातच युरॅसिल असते, तर सायटोसीन बिघडून झालेले युरॅसिल कोणते आणि मूळचे कोणते हे विकराला कळलेच नसते. थायमीन वापरल्यामुळे डीएनएत दिसेल ते प्रत्येक युरॅसिल उपरे ठरते आणि बेधडक काढता येते. दुरुस्तीच्या गरजेने रेणूची घडणच ठरवली आहे, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत उमेश वार्ष्णेय यांनी याच विकरावर, जीवाणूंमधल्या आणि क्षयाच्या जंतूंच्या गोत्रातल्या त्याच्या रूपांवर, वर्षानुवर्षे काम केले आहे.

आता याच यंत्रणेची फट पाहू, कारण कर्करोग तिथूनच आत शिरतो. आपल्या डीएनएत काही सायटोसीनांवर मिथाइल गट चढवलेला असतो. जनुके चालू-बंद ठेवण्यासाठी पेशीला त्याचा उपयोग होतो. असे मिथाइलयुक्त सायटोसीन बिघडले तर त्याचे युरॅसिल होत नाही, थेट थायमीन होते. थायमीन हा डीएनएचा हक्काचा बेस! समोर ग्वानीन असल्यामुळे जोडी चुकली आहे एवढेच कळते. ती चूक सुधारणारी विकरे पेशीत आहेत, पण त्यांचे काम युरॅसिल काढण्याइतके चोख होत नाही. म्हणून सायटोसीनपाठोपाठ ग्वानीन अशी जोडी जिथे येते, त्या जागा उत्परिवर्तनांच्या दृष्टीने फार हळव्या असतात. पी-५३ हे पेशीचे रखवालदार प्रथिन निम्म्याच्या आसपास कर्करोगांत बिघडलेले सापडते; त्याच्या जनुकात १७५, २४८ आणि २७३ या क्रमांकांच्या जागी उत्परिवर्तने पुन्हा पुन्हा दिसतात, त्या अशाच जागा आहेत. स्टॉकहोमच्या परीक्षानळीतले रसायन आणि रुग्णाच्या गाठीतला बिघाड यांच्यातले अंतर इतके कमी आहे.

जीवाणूंच्या वाटेने आणखी थोडे मागे जायला हवे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे आल्बर्ट केल्नर अतिनील किरणांनी मारलेल्या जीवाणूंच्या बीजाणूंवर काम करत होते. किरण दिल्यावर किती बीजाणू वाचतात ते तापमानावर अवलंबून असेल, असा त्यांचा कयास होता. पण उत्तरे जुळेनात. एकाच तापमानाला ठेवलेल्या बाटल्यांत कधी मोजके बीजाणू वाचत, कधी हजारो पटींनी जास्त. केल्नर यांनी हा घोळ झटकून टाकला नाही. बाटल्या ज्या पाण्याच्या टाकीत ठेवलेल्या होत्या, ती काचेची होती आणि खिडकीजवळ होती. कोणत्या बाटलीवर किती उजेड पडतो, यावर सगळे अवलंबून होते. साध्या दृश्य प्रकाशाने अतिनील किरणांचा घाव भरून येत होता. १९४९ साली हे प्रसिद्ध झाले. त्याच सुमारास रेनातो डुल्बेको यांनाही जीवाणूभक्षक विषाणूंत हेच दिसले. दुरुस्ती नावाची गोष्ट अस्तित्वात आहे, याचा हा पहिला ठोस पुरावा. दुहेरी सर्पिलाची रचना कळायला तेव्हा अजून चार वर्षे बाकी होती.

प्रकाशाच्या आधाराने काम करणारे ते विकर पुढे अझीझ सँजार यांच्या हाती आले. तुर्कस्तानात मार्दिन प्रांतातल्या सावूर या गावी वाढलेले सँजार इस्तंबूलला डॉक्टर झाले, काही काळ आपल्याच भागात त्यांनी रुग्ण तपासले, आणि मग जीवरसायनाच्या ओढीने अमेरिकेत डॅलसला आले. १९७६ साली त्यांनी या विकराचे जनुक वेगळे केले. एवढे करूनही त्यांना कुठे संशोधकाची जागा मिळेना, म्हणून येल विद्यापीठात ते तंत्रज्ञाच्या नोकरीवर रुजू झाले. तिथे त्यांनी अंधारातही चालणाऱ्या दुसऱ्या दुरुस्तीकडे मोर्चा वळवला. १९८३ साली त्यांनी दाखवले, की जीवाणूंतली तीन प्रथिने मिळून बिघडलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना साखळी कापतात आणि बारा-तेरा न्यूक्लिओटाइडांचा तुकडा उचलून बाजूला करतात. माणसात हाच तुकडा साधारण दुप्पट लांबीचा असतो. प्रकाशावर चालणारे विकर माणसाकडे नाहीच. कांगारूकडे आहे, आपण आणि इतर वारयुक्त सस्तन प्राण्यांनी उत्क्रांतीच्या ओघात ते गमावले. म्हणजे उन्हाने केलेला घाव भरायला आपल्याकडे ही एकच कापून काढण्याची यंत्रणा उरली.

ती नसेल तर काय होते? व्हिएन्नातले त्वचारोगतज्ज्ञ मोरित्झ कापोसी यांनी एकोणिसाव्या शतकातच झेरोडर्मा पिगमेंटोसम या आजाराचे वर्णन केले होते. अशा मुलांना ऊन सोसत नाही. त्वचा कोरडी पडते, ठिपके उमटतात आणि कोवळ्या वयातच त्वचेचे कर्करोग होऊ लागतात. धोका इतरांच्या हजारो पट. जवळपास शतकभर हा आजार त्वचारोगांच्या पुस्तकात एक दुर्मिळ नोंद म्हणून पडून होता. सॅन फ्रान्सिस्कोत जेम्स क्लीव्हर हे संशोधक डीएनएच्या दुरुस्तीवर काम करत होते. त्यांच्या वाचनात वर्तमानपत्रातला या आजारावरचा लेख आला. उन्हाने कर्करोग होणाऱ्या या मुलांत दुरुस्तीच बंद असेल का, अशी शंका त्यांना आली. रुग्णांच्या त्वचेच्या पेशी मिळवून त्यांनी त्यांवर अतिनील किरण सोडले. निरोगी पेशी कापलेल्या जागी नवे बेस भरत होत्या. रुग्णांच्या पेशी जवळजवळ स्वस्थ बसून होत्या. १९६८ सालचा हा शोध म्हणजे आपल्या दोन वाटांचा पहिला संगम. दुरुस्ती बिघडली की कर्करोग होतो, हे माणसात प्रथमच सिद्ध झाले.

पुढे या आजाराचे अनेक उपप्रकार निघाले आणि प्रत्येकामागे दुरुस्तीच्या यंत्रणेतले एकेक जनुक सापडले. एक उपप्रकार मात्र हट्टी होता: त्या रुग्णांत कापून काढण्याची दुरुस्ती अगदी ठीक चाले, तरी आजार होई. सत्य प्रकाश आणि लुईस प्रकाश यांचा टेक्सासमधला गट यीस्टवर काम करत होता. बिघडलेल्या जागेवरूनही न अडता, न चुकता डीएनएची प्रत पुढे नेणारे एक विकर त्यांनी यीस्टमध्ये ओळखले आणि १९९९ साली त्याचाच मानवी जोडीदार या रुग्णांत निकामी असल्याचे दाखवले. त्याच वर्षी जपानी गटानेही तेच सिद्ध केले. या आजारात सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडून यावे लागते. आपल्याकडे अनेक समाजांत मामाची किंवा आत्याची मुलगी करण्याची चाल आहे. अशा नात्यातल्या लग्नांत एकच सदोष जनुक दोन्ही बाजूंनी येण्याची शक्यता वाढते. म्हणून हे दुर्मिळ आजार भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांना आणि बालरोगतज्ज्ञांना पुस्तकापुरते ठेवून चालत नाहीत. गोऱ्या कातडीचाच हा आजार, असाही समज करून घेऊ नये.

दुसरा संगम घडायला याहून जास्त काळ लागला, आणि तो मला सर्वांत प्रिय आहे. १८९५ साली मिशिगन राज्यात ॲन आर्बर येथे आल्ड्रेड वॉर्थिन या विकृतिशास्त्रज्ञांशी त्यांच्याकडे शिवणकाम करणारी बाई बोलत होती. ती उदास होती. कारण विचारल्यावर ती म्हणाली, की आपण लवकरच आतड्याच्या नाहीतर गर्भाशयाच्या कर्करोगाने जाणार, कारण घरातली बहुतेक माणसे तशीच गेली. त्या वेळी बहुतेक डॉक्टरांनी ही खिन्न मनाची समजूत म्हणून सोडून दिली असती. वॉर्थिन यांनी तिचा शब्द मानला. तिच्या कुटुंबाची माहिती त्यांनी वर्षानुवर्षे गोळा केली आणि १९१३ साली ती 'जी घराणे' या नावाने प्रसिद्ध केली. तोवर ती बाई तरुण वयातच, सांगितल्याप्रमाणे, गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाने गेली होती.

पुढे अर्धशतक फारसे काही घडले नाही. मग १९६० च्या दशकात नेब्रास्कातील ओमाहा येथे हेन्री लिंच या तरुण डॉक्टरांना असाच एक रुग्ण भेटला. तो दारूच्या आहारी गेला होता, आणि का प्यायला लागलास असे विचारल्यावर त्याने सांगितले, की घरातले सगळे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने मरतात, मीही तसाच मरणार. लिंच यांनी त्याच्या नातलगांचा माग काढला, गावोगाव जाऊन वंशावळी तयार केल्या आणि १९६६ साली अशी दोन घराणी प्रसिद्ध केली. कर्करोग हा वातावरणातून किंवा विषाणूंमुळे होतो, असा तेव्हाच्या वैद्यकाचा कल होता. घराण्यांच्या याद्यांना कुणी फारशी किंमत देत नव्हते. लिंच यांना अनुदाने नाकारली गेली. ते थांबले नाहीत. आज या आजाराला त्यांचेच नाव आहे.

त्याच काळात ड्यूक विद्यापीठात पॉल मॉड्रिच एका वेगळ्याच प्रश्नात बुडालेले होते. डीएनएची प्रत निघताना अधूनमधून चुकीचा बेस बसतो. जुन्या पोथीवरून नक्कल उतरवताना दोघींत एका जागी फरक पडला, तर मूळ पोथी कोणती हे ठाऊक असल्याशिवाय चूक सुधारता येत नाही. पेशीपुढेही हाच पेच असतो. नवी साखळी सुधारायची, जुनी नव्हे, हे तिला कळते कसे? जीवाणूंत याचे उत्तर सुरेख आहे. जुन्या साखळीवर ठरावीक जागी मिथाइल गट असतात, नव्या साखळीवर ते थोड्या उशिरा चढतात. तेवढ्या अवधीत एक प्रथिन चुकलेली जोडी पकडते, दुसरे निरोप पोचवते आणि तिसरे मिथाइल नसलेली साखळी कापते. १९८९ साली मॉड्रिच यांनी ही सबंध यंत्रणा शुद्ध प्रथिनांपासून परीक्षानळीत उभी केली.

या यंत्रणेविना काय होते हे यीस्टने सांगितले. डीएनएत काही ठिकाणी एकच लहान तुकडा लागोपाठ अनेकदा येतो, आणि तिथे प्रत काढताना घसरगुंडी होते. टॉमस पीटस आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली दाखवले, की चुकीच्या जोड्या सुधारणारी जनुके बंद केली तर यीस्टमधल्या अशा जागा शंभर ते सातशे पट अस्थिर होतात. त्याच वर्षी लिंच यांच्यासारख्या घराण्यांतल्या गाठी तपासणाऱ्यांना नेमका हाच प्रकार दिसत होता: गाठीतल्या त्या पुनरावृत्त तुकड्यांच्या लांब्या जागोजागी बदललेल्या. पीटस यांच्या गटाने स्वतःच्या निष्कर्षावरून सुचवलेही, की या रुग्णांत बिघाड दुरुस्तीच्या जनुकांत असावा. डिसेंबर १९९३ मध्ये दोन गटांनी एमएसएच-२ हे मानवी जनुक ओळखले. पुढच्या वर्षी त्याचे सोबती सापडले. शिवणकाम करणाऱ्या त्या बाईच्या घराण्यातही एमएसएच-२ मधलेच उत्परिवर्तन आहे, हे २००० साली, म्हणजे तिने बोलून दाखवल्यावर शंभराहून अधिक वर्षांनी, कळले.

यातून निघालेला उपचार कुणाच्या ध्यानीमनी नव्हता. दुरुस्ती बंद पडलेल्या गाठीत इतकी उत्परिवर्तने साचतात, की तिच्यातली कितीतरी प्रथिने शरीराच्या प्रतिकारशक्तीला परकी वाटतात. प्रतिकारशक्तीला लावलेला लगाम औषधाने सैल केला, की ती अशा गाठीवर तुटून पडते. २०१७ साली अमेरिकेत पेम्ब्रोलिझुमॅब या औषधाला हाच दोष असलेल्या गाठींसाठी मान्यता मिळाली, मग गाठ कोणत्याही अवयवातली असो. अवयव न पाहता जनुकीय दोष पाहून दिलेली ही पहिलीच मान्यता. २०२२ साली न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग येथून आलेल्या वृत्तान्तात तर गुदाशयाच्या कर्करोगाच्या अशा पहिल्या १२ रुग्णांपैकी बाराही जणांची गाठ दोस्तार्लिमॅब या औषधाने दिसेनाशी झाली होती. शस्त्रक्रिया नाही, किरणोपचार नाहीत.

स्तनाच्या कर्करोगाची कथा वाचकांना अधिक परिचित असेल, म्हणून तिच्यातला एकच बारकावा सांगतो. बर्कलीच्या मेरी-क्लेअर किंग यांनी १९७० च्या दशकापासून घराणी गोळा केली होती. स्तनाचा कर्करोग इतका सर्रास आढळतो, की एका घरात तिघींना झाला तरी तो योगायोग असू शकतो. बहुतेकांना वाटे तसेच, की यामागे एखादे जनुक शोधणे व्यर्थ आहे. किंग यांच्या गटाने २३ घराण्यांतल्या १४६ रुग्णांची माहिती घेतली आणि घराणी आजाराच्या सरासरी वयानुसार क्रमाने लावली. ज्या घराण्यांत आजार तरुण वयात येत होता, त्यांत सतराव्या गुणसूत्रावरच्या एका जागेकडे ठळक बोट जात होते. उशिरा येणाऱ्यांत तसे काही नव्हते. सगळी घराणी एकत्र कालवली असती, तर संकेत बुडून गेला असता. १९९० साली हे प्रसिद्ध झाले. १९९४ साली बीआरसीए-१ हे जनुक हाती आले, आणि १९९५ साली इंग्लंडमधल्या मायकेल स्ट्रॅटन यांच्या गटाने तेराव्या गुणसूत्रावरचे बीआरसीए-२. एका कंपनीने या जनुकांवर पेटंटे घेऊन तपासणी आपल्याच हाती ठेवली होती. निसर्गात आढळणाऱ्या जनुकाचे पेटंट घेता येत नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली दिला. तो आधी लागायला हवा होता, असे मला मनापासून वाटते.

जनुके सापडली तरी ती करतात काय, हे सुरुवातीला कुणालाच ठाऊक नव्हते. उत्तर पुन्हा दुरुस्तीच्या बाजूने आले. डीएनएच्या दोन्ही साखळ्या एकाच ठिकाणी तुटतात तेव्हा पेशी शेजारची शाबूत प्रत पाहून तुटलेला भाग पुन्हा लिहून काढते, आणि या कामातले मुख्य प्रथिन म्हणजे आरएडी-५१. बीआरसीए-१ याच प्रथिनाच्या सोबत सापडते, असे १९९७ साली दिसले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातून केंब्रिजला गेलेले अशोक वेंकटरामन यांच्या गटाने बीआरसीए-२ बिघडलेल्या पेशींची गुणसूत्रे कशी मोडकळीस येतात ते दाखवले. आरएडी-५१ ला तुटलेल्या जागी नेऊन बसवणे हे बीआरसीए-२ चे काम आहे, हे पुढे स्पष्ट झाले. बीआरसीए-१ चे सदोष रूप असलेल्या स्त्रीला ऐंशी वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे ७२ टक्के आणि अंडाशयाचा होण्याची सुमारे ४४ टक्के, असे २०१७ सालच्या मोठ्या अभ्यासात आढळले.

याच दुबळेपणावर औषध निघाले. एकाच साखळीतली चीर भरून काढण्याच्या कामात पार्प नावाचे विकर असते. ते औषधाने अडवले की लहान चिरांचे पेशीविभाजनाच्या वेळी दोन्ही साखळ्यांचे तुकडे होतात. निरोगी पेशी बीआरसीएच्या मदतीने ते जोडते. गाठीतल्या पेशींनी बीआरसीएच्या दोन्ही प्रती गमावलेल्या असतात, त्यामुळे त्या मरतात. रुग्णाच्या बाकीच्या पेशींकडे एक चांगली प्रत शिल्लक असते, म्हणून त्या तगून राहतात. २००५ साली एकाच नियतकालिकात दोन स्वतंत्र गटांनी, ॲलन ॲशवर्थ आणि थॉमस हेलडे यांच्या, हे मांडले. २०१४ च्या अखेरीस ओलापॅरिब या औषधाला अंडाशयाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. प्रयोगशाळेतली कल्पना नऊ वर्षांत रुग्णापर्यंत जावी, हे या क्षेत्रात फार जलद म्हणायचे. दोन बिघाड वेगवेगळे सोसता येतात पण एकत्र आले की जीव जातो, ही कल्पना फळमाशीवर काम करणाऱ्या आनुवंशिकीच्या अभ्यासकांना १९२० च्या दशकापासून ठाऊक होती, हेही विसरू नये.

आपल्याकडचा या विषयाशी संबंध औषधे आयात करण्यापुरता नाही. पुण्यात जन्मलेल्या, फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेल्या कमल रणदिवे यांनी मुंबईत वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. केली. पुढे भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात उंदरांच्या शुद्ध जाती जोपासून त्यांनी स्तनाच्या कर्करोगात आनुवंशिकता आणि संप्रेरके यांचा वाटा अभ्यासला. बीआरसीए ही अक्षरे कुणी ऐकली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. खारघरला टाटा स्मारक केंद्राच्या संशोधन संस्थेत आज आनुवंशिक कर्करोगाची चिकित्सा आणि समुपदेशन चालते. ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रात डायनोकॉकस या जीवाणूवर काम होते. किरणोत्साराने त्याच्या गुणसूत्राच्या अक्षरशः शेकडो ठिकऱ्या उडाल्या तरी तो त्या काही तासांत जुळवून घेतो.

अडचण दुसरीकडे आहे. एखाद्या स्त्रीच्या बीआरसीए जनुकात बदल सापडला, तर तो घातक की निरुपद्रवी हे ठरवायला हजारो लोकांचे नमुने तुलनेसाठी लागतात. जगातल्या अशा संग्रहांत युरोपीय वंशाच्या लोकांचा भरणा फार मोठा आहे. त्यामुळे भारतीय रुग्णांच्या अहवालांत 'अर्थ अनिश्चित' असा शेरा जास्त वेळा येतो, आणि तो कागद हातात घेऊन बसलेल्या कुटुंबाला डॉक्टर ठाम काही सांगू शकत नाही. लहान, पिढ्यान्‌पिढ्या आपसांत लग्ने करणारे आपले समाज या अभ्यासासाठी महत्त्वाचे आहेत. हे काम दुसरा कुणी येऊन करणार नाही.

घरातल्या काळजीपोटी हे पुस्तक उघडलेल्या वाचकांसाठी एवढे नक्की सांगतो: वारशाने आलेल्या एखाद्या ठळक जनुकामुळे होणारे कर्करोग एकूण कर्करोगांत पाच ते दहा टक्केच असतात. तंबाखूतली नायट्रोसअमाइने बेसना चिकटून बसतात आणि त्यांतला काही बिघाड दुरुस्तीच्या हातून सुटतो. तोंडाच्या कर्करोगाने आपल्याकडे जेवढी घरे बसतात, त्यात वारसा शोधण्याआधी मळलेली चिमूट पाहावी. पण घरात तरुण वयात, एकाच बाजूच्या दोन-तीन नातलगांना स्तनाचा, अंडाशयाचा किंवा मोठ्या आतड्याचा कर्करोग झालेला असेल, तर कोणाला, कितव्या वर्षी, कुठला, हे कागदावर लिहून डॉक्टरांपुढे ठेवावे. लिंच यांचे सगळे काम अशाच कागदांवर उभे राहिले.

विद्यार्थ्यांना मात्र मी न सुटलेल्या प्रश्नांकडे नेऊ इच्छितो, कारण २०१५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल लिंडाल, मॉड्रिच आणि सँजार यांना मिळाले म्हणजे विषय संपला, असे वाटणे सोपे आहे. पार्प अडवणारी औषधे घेणाऱ्या काही रुग्णांच्या गाठीत बीआरसीए जनुकात दुसरे उत्परिवर्तन होते आणि त्याने जनुक पुन्हा वाचण्याजोगे बनते. दुरुस्ती परत सुरू होते आणि औषध निकामी ठरते. २००८ साली हे प्रथम दिसले. ते आधीच ओळखून रोखता येईल का, यावर आज अनेक प्रयोगशाळा झगडत आहेत. त्याहून मूलभूत प्रश्न असा, की तुटलेल्या साखळ्या जोडण्याची गरज तर शरीरातल्या प्रत्येक विभाजन पावणाऱ्या पेशीला आहे. मग बीआरसीए बिघडल्यावर आघात मुख्यतः स्तन आणि अंडाशयावरच का होतो? चुकलेल्या जोड्या सुधारणारी यंत्रणा बंद पडली की मोठे आतडे आणि गर्भाशयाचे अस्तरच का? संप्रेरके, त्या ऊतींतले पेशीविभाजनाचे चक्र, तिथे तयार होणारी प्रतिक्रियाशील रसायने अशी उत्तरे सुचवली गेली आहेत. प्रत्येकाच्या बाजूने पुरावा आहे, निर्णायक एकही नाही. ज्याला वंशावळ वाचता येते आणि यीस्टची तबकडीही हाताळता येते, अशा माणसाला या प्रश्नावर आयुष्यभर पुरेल इतके काम आहे.